पाणिनीचा अभिमान आणि व्याकरणाचा तास

संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा आहे, असे विधान आपल्याकडे व्यासपीठांवरून वारंवार केले जाते व त्याला टाळ्याही पडतात. त्यात जेवढे तथ्य आहे ते टाळ्यांहून मोलाचे आहे; ते समजून घेण्याचे कष्ट मात्र क्वचितच घेतले जातात.

गणिती ज्यांना आकारिक भाषा म्हणतात, त्यांत अर्थाचा विचार नसतो. काही चिन्हे ठरवावयाची आणि त्यांच्या कोणत्या मांडण्या ग्राह्य हे नियमांनी सांगावयाचे, एवढेच. उघडलेला प्रत्येक कंस योग्य जागी मिटला आहे की नाही, हे मर्यादित स्मृतीच्या यंत्राला नेहमीच तपासता येणार नाही. कारण कंसात कंस कितीही असू शकतात. त्यासाठी ताटांच्या चळतीसारखी, शेवटी ठेवलेले प्रथम उचलणारी स्मृती लागते. तरीही या अगणित रचना दोन-तीन नियमांत सांगता येतात. अशा व्याकरणांची मांडणी नोम चॉम्स्की यांनी १९५६ मध्ये केली. जॉन बॅकस यांनी १९५९ मध्ये संगणकभाषेसाठी त्याच जातीची नियमलेखनाची पद्धत सुचविली व १९६० च्या अल्गोल अहवालात ती पीटर नाउर यांनी वापरली.

या पद्धतीला पाणिनीचेही नाव द्यावे, अशी सूचना पी. झेड. इंगरमन यांनी १९६७ मध्ये एका अमेरिकन संगणकविषयक नियतकालिकात केली. अष्टाध्यायीच्या सुमारे ४००० सूत्रांत संक्षेपासाठी संज्ञा आहेत, उत्सर्ग व अपवाद आहेत, दोन नियमांत विरोध आल्यास निवाडा कसा करावा याचाही नियम आहे. साम्य आहे ते या पद्धतीशी. संस्कृत भाषा स्वतः इतर भाषांइतकीच संदिग्ध आहे. ‘इंद्रशत्रू’ म्हणजे इंद्राला मारणारा की इंद्र ज्याला मारणार तो, हे केवळ स्वराघातावरून ठरते, ही जुनी कथा शिक्षकांना ठाऊक आहेच.

मग या वारशाचे आपण काय केले? शाळेत व्याकरण म्हणजे पाठ करावयाची कोष्टके. ‘आकारान्त पुल्लिंगी नामाचे अनेकवचन एकारान्त होते’ हा नियम मुलांनीच शोधावा, ‘आंबा-आंबे’ यावर तपासावा, ‘काका’ येताच तो का मोडला हे पाहून अपवाद मांडावा, असा तास किती वर्गांत होतो? त्याला ना यंत्र लागते, ना अनुदान; खडू आणि फळा पुरे. पाणिनीचा अभिमान बाळगण्याचा अधिकार अशा तासातूनच मिळेल. सभेतल्या टाळ्यांतून नव्हे.