डोळे मिटून फ्री थ्रो सुधारतो का?

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. शिकागो विद्यापीठात म्हणे बास्केटबॉलसाठी तीन गट केले. एकाने महिनाभर रोज फ्री थ्रो मारले, दुसऱ्याने ते फक्त मनात मारले, तिसरा स्वस्थ बसला. पहिला गट २४ टक्क्यांनी सुधारला, दुसरा २३ टक्क्यांनी. तात्पर्य, मैदानावर घाम गाळा नाहीतर खुर्चीत डोळे मिटा, फळ सारखंच!

हे साफ चूक आहे. ही गोष्ट सांगणारे मूळ शोधनिबंध कधीच दाखवत नाहीत. हेच दोन आकडे क्लार्क यांनी १९६० साली ‘रिसर्च क्वार्टर्ली’त छापलेल्या अभ्यासात मात्र सापडतात. तो अभ्यास अमेरिकेतल्या १४४ शाळकरी मुलांवर होता आणि २४ व २३ हे आकडे त्यातल्या दुय्यम संघाच्या मुलांचे. मुख्य संघातही फरक किरकोळच पडला: १६ आणि १५. पण नवशिक्यांचं काय झालं? प्रत्यक्ष चेंडू टाकणारे ४४ टक्क्यांनी सुधारले, मनात टाकणारे २६ टक्क्यांनी. नेमकी हीच ओळ गाळायची आणि नवशिक्यांनाच ही गोष्ट ऐकवायची, याचा संताप येतो.

कारण समजायला अवघड नाही. हालचाल मनात आणली की मेंदूतली हालचाल आखणारी केंद्रं बऱ्याच अंशी तशीच कामाला लागतात, म्हणून सरावलेल्या खेळाडूला फायदा होतो. ज्याचं मनगट अजून बसलेलंच नाही, त्याने मनात काय आणायचं? शिवाय मनातला चेंडू रिंगच्या अलीकडे पडला, हे सांगणार कोण?

कॉलेजच्या खेळाडूंवरचे अभ्यासही हेच दाखवतात. हॉल आणि अर्फमायर यांच्या १९८३ च्या प्रयोगात कॉलेज संघातल्या मुलींनी अचूक फ्री थ्रोची चित्रफीत पाहिली, मग अंग सैल सोडून तोच थ्रो मनात मारला. नुसतं अंग सैल सोडून कल्पना करणाऱ्यांपेक्षा त्या जास्त सुधारल्या. म्हणजे कल्पनेलाही आधी नमुना लागतो. तोही बारकाव्यांसकट: बोटांखालची चेंडूची शिवण, गुडघ्यातला वाक, चेंडू सुटल्यावर खाली झुकलेलं मनगट, आणि सगळं खऱ्या वेगात.

‘जितका वेळ जास्त तितकं चांगलं’ हेही खरं नाही. ड्रिस्केल आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या आढाव्यात वीसेक मिनिटं पुरेशी ठरली, आणि प्रत्यक्ष सरावच वरचढ ठरला. ‘चुकीचं चित्र आलं तरी बिघडत नाही’ म्हणणाऱ्यांनी वूलफोक यांचा १९८५ चा गोल्फवरचा प्रयोग वाचावा; चेंडू हुकल्याची कल्पना करणाऱ्यांचा खेळ खरोखर घसरला. ‘चित्र लख्ख दिसलंच पाहिजे’ हीदेखील सक्ती नको. हाताला जाणवणारी हालचालही तितकीच कामाची.

कोचना एवढीच विनंती: दुखापतीमुळे बाकावर बसलेल्या जुन्या खेळाडूला मनातला सराव जरूर द्या. नव्या मुलाच्या हातात मात्र आधी चेंडू द्या.