खोक्यातली सायकल

विमान कंपन्यांच्या नियमावलीत सायकलला कुठल्या पंगतीत बसवले आहे, हे एकदा पाहण्यासारखे आहे. साध्या सामानाच्या प्रकरणात ती सापडत नाही. ती सापडते 'खेळाचे साहित्य' या मथळ्याखाली, गोल्फच्या काठ्या आणि समुद्राच्या लाटांवर उभे राहायच्या फळ्या यांच्या शेजारी. आमच्या कारंज्यात सायकल ही खेळाची वस्तू कधीच नव्हती. दारव्हा वेशीतून पहाटे दुधाच्या कॅन लटकावून येत त्या सायकली, बाजार समितीत कापसाच्या गाड्यांच्या मागे हमालांच्या लागत त्या सायकली, गुरुमंदिराकडे फुले-हार नेत त्या सायकली. नगरपालिका तिच्यावर कर घेई आणि पत्र्याचा बिल्ला देई. सरकारी नोकराला ती घ्यायला बिनव्याजी उचल मिळे. ती सोय सातव्या वेतन आयोगाबरोबर २०१६ साली मोडीत निघाली. मूर्तिजापूर-यवतमाळ ही आमची छोटी रेल्वे, जिला सगळा मुलूख 'शकुंतला' म्हणतो, १९९४ सालापर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत असे. दारव्ह्याच्या बाजाराला निघालेला माणूस आपली सायकल गार्डाच्या डब्यात चढवी आणि उतरला की टांग टाकून चालू लागे. चाक काढा, हवा सोडा असे त्याला कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही. ती गाडीही आता कित्येक वर्षे बंद आहे.

हे सगळे नव्याने डोक्यात यायला कारण झाली माझी भाची. ती तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात नोकरी करते. तीन वर्षे पैसे साठवून तिने गिअरची सायकल घेतली आणि एके दिवशी जाहीर केले की कन्याकुमारीहून कारंज्यापर्यंत ती एकटी सायकलने येणार. अंतर सतराशे किलोमीटरच्या घरातले. रजा वीस दिवसांची. ती गेली की केंद्रात तिच्या जागी दुसरे कोणी नसते, त्यामुळे ही रजा मिळवायलाच दीड वर्ष लागले होते आणि पुन्हा मिळण्याची आशा नव्हती. माझी बहीण, म्हणजे तिची आई, दोन दिवस जेवली नाही. तिचा मुद्दा बिनतोड होता. "एवढे पैसे घालून विमानाने जायचं आणि पायडल मारत परत यायचं, हे कोणतं शहाणपण?"

रेल्वेने का नाही, असे मीही विचारले. नागपूरवरून कन्याकुमारीला थेट गाडी आहे, हिमसागर एक्स्प्रेस, पण ती आठवड्यातून एकदा. शिवाय पार्सलात टाकलेली सायकल आपल्याच गाडीला लागेल याची खात्री कोणी देत नाही. माणूस पोचला आणि सायकल मागून तीन दिवसांनी आली, तर वीसातले तीन गेले. म्हणून नागपूर ते तिरुवनंतपुरम, वाटेत एकदा विमान बदलून, आणि तेही स्वस्त विमान कंपनीचे.

ही स्वस्त विमाने आपल्याकडे आली २००३ साली, कॅप्टन गोपीनाथांच्या एअर डेक्कनबरोबर. त्यांचे गणित कोणाही जमाखर्च लिहिणाऱ्याला आवडावे असे आहे. तिकीट म्हणजे फक्त खुर्ची. खाणे वेगळे, खिडकी वेगळी, पंधरा किलोच्या वरचे सामान वेगळे. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे विमान जमिनीवर उभे राहता कामा नये. अर्ध्या तासाच्या आतबाहेर ते रिकामे व्हायचे, भरायचे आणि उडायचे. खालच्या सामानाच्या पोटात उंची चार फुटांच्या आसपास. तिथे हमाल गुडघ्यांवर बसून बॅगा रचतात. आता अशा हमालाच्या हाती पावणेपाच फूट लांबीचे खोके दिले तर तो काय करील? ते आडवे करील आणि वर वीस बॅगा ठेवील. खोक्यावर 'नाजूक' असे लाल अक्षरात लिहिले म्हणून तो ते उभे ठेवणार नाही. उभे ठेवायला जागाच नसते. तेव्हा सायकल बांधायची ती आडवी पडणार, तिच्यावर ओझे येणार, हे धरूनच बांधायची. लेबलावर विसंबणे म्हणजे पीक बुडाल्यावर सातबारा फ्रेम करून लावण्यासारखे आहे.

खोके कुठून आणायचे हा प्रश्न नव्हता. सायकलच्या दुकानात नव्या सायकली अर्धवट जोडलेल्या, खोक्यांतूनच येतात आणि ती खोकी रद्दीत जातात. बसस्टँडाकडच्या ज्या मिस्त्रींकडे आमच्या घरच्या सायकली चाळीस वर्षे जात आल्या, त्यांनी एक दणकट खोके काढून ठेवले. म्हणाले, "काकाजी, आजपर्यंत खोक्यातून सायकल काढली. खोक्यात घालाची पाळी पहिल्यांदा आली."

पण काढणाराला घालणे कळते. एका दुपारी त्यांनी ते काम केले आणि मी स्टुलावर बसून पाहिले. आधी पायडल. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे पुष्कळांना ठाऊक नसते. जोर लावून लावून ते अधिकच घट्ट करतात. पाना वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही बाजूंची पायडले सुटतात, एवढे लक्षात ठेवले की झाले. मग हँडल सोडून दांडीला बांधले, सीट खाली केली, पुढचे चाक काढून सांगाड्याला लागून ठेवले. चाक काढल्यावर चिमट्याची दोन टोके मोकळी राहतात. वरून ओझे आले की ती एकमेकींकडे दबतात. त्या टोकांमध्ये मिस्त्रींनी बाभळीचा नेमक्या मापाचा ठोकळा बसवला. ब्रेकच्या दोन पट्ट्यांमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला, कारण चाक नसताना कोणाचा हात ब्रेकवर पडला तर त्या मिटून बसतात. शेवटी मागचा गिअर. तो सांगाड्याला ज्या छोट्या पट्टीने लटकतो ती पट्टी मुद्दामच मऊ धातूची करतात, म्हणजे धक्का बसला तर ती वाकावी आणि सांगाडा वाचावा. मिस्त्रींनी गिअर सोडवून चिंधीत गुंडाळून आत बांधला आणि भाचीला म्हणाले, "बाई, ही पट्टी एक जास्तीची घेऊन ठेव. वाकली तं तिकडे गावात भेटाची नाही." ती पट्टी अकोल्याहून मागवली.

टायरमधली हवा हा मात्र मजेचा विषय आहे. हवा काढा, असे कंपन्या सांगतात, आणि काढली नाही तर वर टायर फुटेल असा सार्वत्रिक समज आहे. हिशेब करून पाहा. सामानाच्या पोटातली हवा प्रवाशांच्या दालनाइतकीच दाबलेली असते, म्हणजे फार तर आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असते तितकी विरळ. बाहेरचा दाब त्याने चारेक पौंडांनी कमी होतो. ऐंशी पौंड भरलेल्या टायरला ते चौऱ्याऐंशी झाल्यासारखे वाटेल, बस्स. कारंज्याच्या उन्हात उभी केलेली सायकल रोज एवढे सोसते. तरी नियम तो नियम. थोडी हवा ठेवून बाकीची सोडावी, म्हणजे रिमही सांभाळली जाते आणि काउंटरवरचा वादही टळतो.

बॅटरीचा नियम मात्र थट्टेचा नाही. मोबाइल चार्ज करायची पॉवर बँक खोक्यात चालत नाही, ती हातातच हवी. शंभर वॉट-तासांपर्यंत मुभा, एकशे साठपर्यंत परवानगीने. वीस हजारांची जी पॉवर बँक मुले वापरतात ती चौऱ्याहत्तर भरते, म्हणून चालते. बॅटरीवर चालणाऱ्या सायकलची बॅटरी मात्र बहुधा या मर्यादेच्या कितीतरी वर असते. तशी सायकल विमानाने न्यायचे मनातून काढून टाकावे.

विमानाने सायकलला अशी परक्यासारखी वागणूक द्यावी, हे इतिहासाला धरून नाही. राइट बंधू डेटन गावचे सायकलवाले. १९०३ सालचे त्यांचे विमान त्यांनी सायकलच्या दुकानातच घडवले आणि त्याचे दोन्ही पंखे सायकलसारख्या साखळी-दात्यांनी फिरत. ते विमानही सुटे करून, पेट्यांत भरून किटी हॉकच्या वाळूत न्यावे लागले होते. पुढे १९०७ साली त्यांनी एक विमान पेट्यांतून फ्रान्सला पाठवले. ते ल हाव्र बंदरात पडून राहिले. १९०८च्या जूनमध्ये विल्बरने ल मांस येथे पेट्या उघडल्या, तर आतल्या पट्ट्या मोडलेल्या आणि सगळे सामान विस्कटलेले. त्याने संतापून धाकट्या भावाला, ऑर्व्हिलला, पत्र लिहिले की असली बांधणी मी पाहिली नाही. बिचाऱ्या ऑर्व्हिलने सारे नीटच बांधले होते. बंदरावरच्या जकात अधिकाऱ्यांनी पेट्या उघडून पुन्हा कशातरी भरल्या होत्या. विल्बरला दुरुस्तीत आठवडेच्या आठवडे घालवावे लागले आणि ८ ऑगस्टला तो उडाला.

ही हकिकत मी भाचीला निघण्यापूर्वीच ऐकवली होती, कारण खोके तपासणीसाठी उघडले जाऊ शकते. म्हणून शेवटची चिकटपट्टी घरी लावायची नाही, पट्टीचा गुंडाळा बरोबर न्यायचा, आणि प्रत्येक थराचा फोटो काढून ठेवायचा. बँकेत तारण माल पाहायला गोदामात जायचो तेव्हाची ही सवय. माल आत होता हे नंतर सांगून उपयोग नसतो.

काउंटरवर अपेक्षेप्रमाणे एक चिठ्ठी पुढे आली. 'वेष्टन अपुरे, मालकाच्या जबाबदारीवर' अशा अर्थाच्या चौकटीत खूण करून सही करा, म्हणाले. सायकलचे भाडे तिच्या स्वतःच्या तिकिटाच्या पाव हिश्शाहून अधिक घेऊन वर हे! आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल कराराप्रमाणे सामानाच्या भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एस.डी.आर. इतकी आहे. एस.डी.आर. म्हणजे नाणेनिधीचे हिशेबी चलन. आजच्या भावाने ही रक्कम पावणेदोन लाख रुपयांच्या आगेमागे जाते. देशातल्या देशात ती रुपयांत आहे आणि पुष्कळच खाली आहे. दोन्हीकडे मोडतोडीची तक्रार लेखी आणि लवकर करावी. माँट्रियल करार त्यासाठी सामान हाती आल्यापासून सात दिवस देतो. भाचीने सही केली, पण खाली आपल्या हाताने 'फोटो काढले आहेत' असे लिहिले. ते लिहिल्याने कायद्यात काय फरक पडतो, हे वकिलांनी सांगावे. निदान समोरच्या मुलाने खोके दोन हातांनी उचलले.

तिरुवनंतपुरमला खोके आले ते दुसऱ्याच कोणाच्या चिकटपट्टीने बंद केलेले. वाटेत कोणी, कुठे उघडले ते कळायला मार्ग नाही. बाभळीचा ठोकळा नव्हता. चिमटा बोटभर दबला होता आणि मागची ती पट्टी वाकली होती. रात्री दहाला तिचा फोन आला. आवाज अगदी कोरडा होता, त्यावरून मला कळले. मी मिस्त्रींना उठवले. त्यांनी मोबाइलच्या पडद्यावर चिमटा पाहिला आणि म्हणाले, "लोखंडी हाय ना? मंग भेऊ नको. दोन्ही हातानं हळूहळू फाकव, चाक बसलं का थांब." कार्बनचा चिमटा असता तर हा उपाय नव्हता, दुकानदाराने महागडी सायकल घ्यायचा आग्रह केला तेव्हा तिने ऐकले नाही, ते बरे झाले. नवी पट्टी लागली. दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस गेला, पण सायकल उभी राहिली. तक्रार तिने विमानतळावरच लिहून दिली होती. महिन्याने कंपनीचे दिलगिरीचे पत्र आले. त्यात सायकल हा शब्द कुठेही नाही.

आपल्या मराठी मुलांनी या बाबतीत फार मोठी मजल मारली आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी शर्यत पुरी केली. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी ती एकट्याने केली. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली, वयाच्या विशीत, जगाला सायकलने फेरी मारून आली. सुमारे एकोणतीस हजार किलोमीटर, १५९ दिवस. अस्वल मागे लागले, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटले, या गोष्टी वर्तमानपत्रांतून आल्या. पण अशा फेरीत खंड संपला की विमान येते, आणि प्रत्येक विमानाआधी सायकल सोडणे आणि नंतर जोडणे येते, त्याबद्दल कोणी तिला विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. १९२३ साली मुंबईहून जगप्रवासाला निघालेले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ साली परत आले. त्यांना समुद्र ओलांडायला बोटी होत्या आणि बोटीवर जागेची एवढी चणचण नव्हती.

भाची एकोणिसाव्या दिवशी यवतमाळ-दारव्ह्याच्या रस्त्याने आली. विसाव्या दिवशी ती केंद्रावर हजर होती. बहिणीने सायकल दोन दिवस अंगणात उभी ठेवली आणि येणाराजाणाराला दाखवली.

मिस्त्री आता खोकी रद्दीत देत नाहीत. दुकानाच्या मागच्या भिंतीला तीन टेकवून ठेवली आहेत आणि बाभळीचे ठोकळेही चार-पाच करून ठेवले आहेत. मंगरूळपीरचा एक मुलगा चौकशी करून गेला. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीहून मुंबईला एटीआरचे छोटे विमान सुरू झाले, अमरावती आम्हाला साठ-पासष्ट किलोमीटर, तेव्हा त्या मुलाला तिथूनच जायचे आहे. परवा मी दुकानात गेलो तर मिस्त्रींनी टेप काढून खोक्याची लांबी, रुंदी, उंची मोजली, कागदावर लिहिली आणि कागद माझ्या हातात दिला. "काकाजी, तुमाले इंग्रजी येते. त्याइले इचारा, दरवाजा केवढा हाय."