महागाईचा आंकडा आणि घरचें ताट

महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत वाणसामानाची यादी करावयास बसलेली गृहिणी अर्थशास्त्रांतला एक कठीण प्रश्न सोडवीत असते, असें सहसा कोणी म्हणत नाहीं. तूरडाळ, तेल, साखर, चहा, शेंगदाणे हीं नांवें प्रत्येक महिन्याला तींच असतात. त्यांच्यापुढचे आंकडे मात्र बदलतात. तीन किलोंच्या जागीं दोन, एक किलोच्या जागीं अर्धा, आणि एखाद्या ओळीवर सरळ काट! सरकारी पत्रकांतला महागाईचा दर आणि यादीवरची ही काट यांचा मेळ पुष्कळदां बसत नाहीं, आणि दोहोंपैकीं एक खोटें असावें असें सामान्य माणसाला वाटूं लागतें. वस्तुतः दोन्ही एकाच वेळीं खरीं असूं शकतात. तें कसें, हें समजून घेणें प्रत्येक घराच्या हिताचें आहे.

ग्राहक किंमत निर्देशांक काढण्याची रीत अशी, कीं देशभरच्या बाजारांतून ठराविक वस्तूंच्या व सेवांच्या किंमती गोळा करावयाच्या, सरासरी कुटुंबाच्या खर्चांत जिचा वांटा जितका तितकें तिला वजन द्यावयाचें, आणि येणाऱ्या बेरजेची मागील वर्षाच्या त्याच महिन्याशीं तुलना करावयाची. ऑक्टोबर २०२४ मध्यें किरकोळ महागाईचा एकूण दर ६.२१ टक्के होता. त्याच महिन्यांत अन्नपदार्थांचा दर १०.८७ टक्के, आणि एकट्या भाजीपाल्याचा ४२.१८ टक्के होता. घरभाडें, कपडे, औषधें, प्रवास यांच्या किंमती मंद गतीनें वाढत असल्यानें एकूण बेरजेंत भाजीची उसळी बुजून गेली. ज्याच्या मिळकतीचा मोठा भाग बाजारच्या पिशवींतच संपतो, त्याच्या घरीं ती बुजत नाहीं.

१८५७ सालीं अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञानें कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून एक नियम मांडला: कुटुंब जितकें गरीब, तितका त्याच्या खर्चांत अन्नाचा वांटा मोठा. हा नियम आजहि खरा ठरतो. भारत सरकारच्या २०२३-२४ सालच्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणींत, शंभर रुपये खर्चापैकीं अन्नावर ग्रामीण भागांत सरासरी सुमारें ४७ रुपये, तर शहरांत सुमारें ४० रुपये जातात, असें आढळलें. सरासरीच्या खालीं असणाऱ्या घरांत हा वांटा याहूनहि मोठा असतो.

याचा परिणाम एका साध्या हिशेबानें स्पष्ट होईल. समजा, एका कुटुंबाची मासिक प्राप्ति ८०,००० रुपये असून त्याचा अन्नखर्च १२,००० रुपये आहे. दुसऱ्या कुटुंबाची प्राप्ति २४,००० रुपये. त्यांतून अन्नावर ११,०००, भाड्यावर ६,०००, आणि वीज, गॅस, शाळेची फी व गाडीभाडें यांवर ६,००० गेल्यावर शिल्लक १,००० रुपये उरते. आतां खाद्यपदार्थ दहा टक्क्यांनीं महागले. पहिल्या घराला १,२०० रुपये जादा पडतात, म्हणजे प्राप्तीचा दीड टक्का. एखादी हौस पुढें ढकलली कीं भागलें. दुसऱ्या घराला १,१०० रुपये जादा पडतात. रक्कम पहिल्याहून लहान, परंतु तिनें सगळी शिल्लक गिळून वर शंभर रुपयांची तूट आणली. भाडें थकवितां येत नाहीं, फी टाळतां येत नाहीं, मग तूट भरून निघते ती ताटांतूनच.

ताटांतली ही कपात ठराविक क्रमानें होते. पोट भरणाऱ्या धान्याला शेवटपर्यंत हात लागत नाहीं. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालीं पात्र कुटुंबांना १ जानेवारी २०२३ पासून शिधापत्रिकेवर धान्य मोफत मिळूं लागलें. प्राधान्य गटांत तें प्रमाण दरमहा माणशीं पांच किलो ठरलें. या आधारामुळें भाकरीची चिंता पुष्कळ कमी झाली. परंतु डाळ, तेल, भाजी, दूध, फळें आणि अंडीं यांचा मोठा भाग उघड्या बाजारांतूनच आणावा लागतो, आणि काट प्रथम पडते ती यांवर. फळ सणापुरतें उरतें, दुधांत पाणी वाढतें, घट्ट वरणाची पातळ आमटी होते. पोट भरतें, पण पोषण घटतें.

ही कपात घरांतल्या सर्वांवर सारखी वांटली जात नाहीं, ही गोष्ट तर कोणत्याच निर्देशांकांत येत नाहीं. कमावत्या पुरुषाला आणि मुलांना आधीं वाढून उरलेलें आपण खाण्याची चाल अद्याप अनेक घरांत आहे. तिथें पातळ आमटीचाहि शेवटचा पळीभर भाग गृहिणीच्या वांट्याला येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांपैकीं ५७ जणींत रक्तक्षय आढळला. त्याचें एकमेव कारण महागाई नव्हे. परंतु आधींच अपुऱ्या आहाराला कातर लागली, तर तें दुखणें बळावणारच. १९७२ च्या सुमारास महाराष्ट्र दुष्काळानें होरपळत असतां मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकारानें मुंबईच्या स्त्रिया हातांत लाटणीं घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या याच अनुभवांतून.

भाव वाढतात तरी कां? कारणें प्रत्येक जिनसाचीं निराळीं असतात. नाशिक जिल्ह्यांतला उन्हाळी कांदा चाळींत साठविला जातो आणि पावसाळा संपेपर्यंत तोच पुरवावा लागतो. पावसानें साठा सडला किंवा खरीपाचा नवा कांदा लांबला, कीं मधल्या आठवड्यांत भाव भडकतात. खाद्यतेलाची गोष्ट वेगळी. देशाच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येतें. म्हणून २०२२ सालीं युक्रेनमध्यें युद्ध पेटलें आणि इंडोनेशियानें पामतेलाची निर्यात कांहीं आठवडे रोखली, तेव्हां त्याची धग पुण्यामुंबईच्या कढईपर्यंत पोंचली. महाग कांद्याचा सर्व पैसा शेतकऱ्याला मिळतो, असेंहि नव्हे. रिझर्व्ह बँकेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासाप्रमाणें ग्राहकाच्या एका रुपयांतले सुमारें ३६ पैसे कांदा पिकविणाराच्या हातीं पडतात. बाकीचे वाहतूक, साठवण, नासाडी आणि मधल्या व्यापारांत वांटले जातात.

आणखी एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. महागाईचा दर उतरला म्हणजे वस्तू पूर्वीच्या भावाला आल्या, असें नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्यें अन्नपदार्थांचा दर शून्याच्याहि खालीं, उणे ५.०२ टक्क्यांवर गेला. म्हणजे आदल्या वर्षाहून अन्न खरोखरच स्वस्त झालें. तथापि ऑक्टोबर २०२३ मध्यें शंभर रुपयांना मिळणारें सामान एका वर्षानें सुमारें १११ रुपयांवर जाऊन मग १०५ रुपयांच्या आसपास आलें, इतकाच त्याचा अर्थ. दरम्यान ज्याची मिळकत तेवढी वाढली नाहीं, त्याला ही स्वस्ताई अपुरीच भासणार.

भाव ठरविणें कुटुंबाच्या हातीं नाहीं. आपला हिशेब जाणणें मात्र आहे. वाण्याच्या मागील बारा महिन्यांच्या पावत्या जपून ठेवल्या आणि त्याच सामानाची त्याच वजनाची बेरीज ताडून पाहिली, तर घरच्या महागाईचा स्वतःचा दर निघतो. पुड्याची किंमत तीच ठेवून आंतलें वजन घटविण्याची युक्ति सर्रास चालते; तिच्यावर उतारा म्हणून वेष्टनावर छापलेली दर किलोची वा दर ग्रॅमची किंमत वाचावी. काट मारणें अटळच झालें, तर तयार खाऊ, शीतपेयें आणि साखर यांवर ती आधीं पडावी. डाळ आणि पालेभाजी यांवर सर्वांत शेवटीं. आणि जें कांहीं शिजेल, तें घरांतल्या सर्वांनीं एकाच पंगतींत वांटून घ्यावें. म्हणजे कढईंत किती उरलें आणि कोणाच्या ताटांत कमी पडलें, हें निदान घरच्यांच्या दृष्टीआड राहणार नाहीं.