आपल्या गटात कोण नाही?



मागं एकदा आमच्या गटाच्या बैठकीला गावाबाहेरच्या पालावरची एक पारधी ताई आली. दारातच उभी राहून म्हणाली, "मला बी गटात घ्या, आठवड्याला वीस रुपये टाकीन." आम्ही तिला आधार कार्ड, रेशन कार्ड, रहिवासी दाखला आणायला सांगितलं. ती गेली ती परत आलीच नाही. आमच्यातली एक म्हणाली, "या लोकांना बचतीची सवयच नाही." त्यावर आम्ही पुष्कळ बोललो. तेच आज तुम्हाला सांगतो.

गरिबी सगळ्यांची सारखी नसते. दीड एकरवाली बाई गरीब असली तरी घरी सातबारा असतो, त्यावर पीककर्ज मिळतं. मजूर बाईकडे नुसते हात असतात, पण गावात ओळख असते, दुकानात उधारी मिळते. पालावरच्या ताईकडेही हात आहेत. मात्र तिची जात कळली की लोक कामाला बोलवायला कचरतात.

हे आलं कुठून? १८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. एखाद्यानं गुन्हा केला असो-नसो, सगळी जमातच गुन्हेगार ठरायची. पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापुरात तर अशा लोकांची तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. १९५२ साली हा कायदा देशभर रद्द झाला, पण कपाळावरचा शिक्का राहिला. पुढं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीवर बंदी आली. ते जंगलासाठी गरजेचं होतं; पण शिकारीवर जगणाऱ्यांचा धंदा गेला आणि बहुतेकांच्या हाती जमीन नव्हतीच.

आता दाखल्याचं बघा. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीचा दाखला काढताना ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून घराणं इथलं असल्याचा पुरावा मागतात. ज्याचा आजोबा पालं घेऊन फिरत होता, कधी शाळेत गेला नाही, त्यानं तो कुठून आणायचा? दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती अडते, मुलगी शाळा सोडते, आईसारखीच बिनकागदाची राहते. सवयीचा प्रश्न नव्हताच, मैत्रिणींनो.

मग आम्हीच पालावर गेलो. बँकेत खातं उघडायला कागद लागतात, आपसात बचत सुरू करायला लागत नाहीत. अतिवंचित महिलांचा गट पाच जणींचाही होतो. पाच जणी जमल्या, पहिली पेटी सुरू झाली. आता एकेकीचं आधार काढतोय. बाळ जन्मलं की एकवीस दिवसांत नोंद करा, ती फुकट होते, हेही सांगितलं. तोच त्या लेकराचा पहिला कागद.

तुमच्या पुढच्या बैठकीत हजेरी झाली की एक प्रश्न जरूर विचारा : आपल्या गटात कोण नाही, आणि का नाही?