डिप्लोमाच्या जर्नलमधला ८०८५ चा प्रोग्राम आज चालेल का?

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात काम करणाऱ्या, चाळिशी-पन्नाशीतल्या एखाद्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यासमोर नुसतं ‘८०८५’ म्हणून बघा. मायक्रोप्रोसेसरचं प्रॅक्टिकल, सहा आकडी लाल डिस्प्ले, खटखट वाजणाऱ्या कीज आणि ओरलची धास्ती हे सगळं त्याला एकदम आठवेल. काही जणांना ‘३ई म्हणजे एमव्हीआय ए’ अजून पाठ असतं. सर्टिफाइड जर्नल मात्र माळ्यावर पडलेलं असतं आणि ते किट कधीच भंगारात गेलेलं असतं.

मग त्या जर्नलमधले प्रोग्राम आता निकामी झाले का? नाही. त्यातले बरेचसे आजच्या लॅपटॉपवर, १९८२ सालच्या एका घरगुती कॉम्प्युटरच्या एम्युलेटरमध्ये चालतात. कसे ते पाहू.

किटवर आपण नेमकं काय करायचो?

प्रोसेसरला फक्त आकडे कळतात. ‘ए रजिस्टरमध्ये ५ ठेव’ हे ८०८५ ला सांगायचं तर दोन बाईट द्यावे लागतात: ३ई आणि ०५. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून त्या सूचनेला ‘एमव्हीआय ए’ असं नाव दिलं. अशा नावांत लिहिलेला प्रोग्राम म्हणजे असेम्ब्ली आणि त्याचे आकडे म्हणजे मशीन कोड.

असेम्ब्लीचं मशीन कोडमध्ये रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला असेम्बलर म्हणतात. प्रॅक्टिकलला तो असेम्बलर आपणच असायचो. आधी वहीत प्रोग्राम लिहायचा, तक्त्यात बघून प्रत्येक सूचनेचा कोड शोधायचा आणि मग एकेक बाईट किटमध्ये भरायचा. डिस्प्लेचे चार आकडे पत्ता दाखवायचे, दोन आकडे तिथला बाईट. एक बाईट चुकला की पुन्हा शोधाशोध.

हे कष्टाचं होतं, पण त्यामुळे जर्नलमध्ये एक मौल्यवान गोष्ट उरली. प्रत्येक प्रोग्रामच्या डाव्या बाजूला पत्ता आणि मशीन कोड लिहिलेला आहे. तेवढा पुरेसा आहे.

८०८५ आणि झेड-८०: एकाच घराण्यातले

इंटेलने १९७४ मध्ये ८०८० हा प्रोसेसर आणला. त्यावर काम केलेले फेडेरिको फॅजिन त्याच वर्षी इंटेलमधून बाहेर पडले आणि त्यांनी राल्फ उंगरमन यांच्यासोबत झिलॉग ही कंपनी काढली. १९७६ मध्ये ८०८० चे दोन वारस बाजारात आले: इंटेलचा ८०८५ आणि झिलॉगचा झेड-८०. दोघांनीही ८०८० च्या सूचनांचे कोड जसेच्या तसे ठेवले. झिलॉगने नावं मात्र बदलली. इंटेलच्या ‘एमव्हीआय ए’ला झिलॉगने ‘एलडी ए’ म्हटलं, बाईट तोच राहिला: ३ई.

हाच झेड-८० ब्रिटनमध्ये एप्रिल १९८२ मध्ये आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरमध्ये बसला. टीव्हीला जोडायचा, प्रोग्राम कॅसेटवरून भरायचे. भारतातही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने तो ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने विकला. त्यामुळे आपल्या डिप्लोमाचा ८०८५ आणि जगभरच्या हौशी मंडळींचा स्पेक्ट्रम हे नात्याने चुलत भाऊ लागतात.

सगळेच जुने कॉम्प्युटर असे नात्यातले नाहीत. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पातून आपल्या शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे कॉम्प्युटर आले. त्यांत ६५०२ हा वेगळाच प्रोसेसर होता. त्याला ३ई दिला तर तो मेमरीतल्या एका बाईटचे बिट फिरवायला लागेल.

एम्युलेटर करतो काय?

एम्युलेटर हा आजच्या कॉम्प्युटरवरचा एक प्रोग्राम आहे. जुन्या प्रोसेसरची रजिस्टर्स तो आपल्याकडे साधे आकडे म्हणून ठेवतो. मग एक बाईट उचलायचा, त्याचा अर्थ लावायचा, ते काम करायचं आणि पुढच्या बाईटकडे जायचं. खरा प्रोसेसर जे सिलिकॉनमध्ये करतो, तेच हा तक्ता बघून करतो.

पण एवढं पुरत नाही, वेळेचा हिशोबही ठेवावा लागतो. स्पेक्ट्रमचं घड्याळ सेकंदाला ३५ लाख ठोके देतं. ए रजिस्टरमध्ये आकडा भरायला ७ ठोके लागतात. ४८ के स्पेक्ट्रममध्ये असे ६९,८८८ ठोके झाले की टीव्हीवरचं एक चित्र पूर्ण होतं, म्हणजे सेकंदाला साधारण ५० चित्रं. एम्युलेटर प्रत्येक सूचनेचे ठोके मोजतो. तो मोजायला चुकला तर गेम पळायला लागतात आणि आवाज बेसूर होतो.

ओरलला विचारायचे ते ‘टी-स्टेट’ म्हणजे हेच ठोके.

करून बघा: जर्नलमधली पहिली बेरीज

५ आणि ३ ची बेरीज करून उत्तर ८०५० या पत्त्यावर ठेवणारा प्रोग्राम जर्नलमध्ये साधारण असा असेल:

३ई ०५ (एमव्हीआय ए, ०५)
०६ ०३ (एमव्हीआय बी, ०३)
८० (ॲड बी)
३२ ५० ८० (एसटीए ८०५०)
७६ (एचएलटी)

फ्यूजसारखा एखादा स्पेक्ट्रम एम्युलेटर घ्या. स्पेक्ट्रमचं बेसिक दशमान आकडे घेतं, म्हणून हेक्सचं रूपांतर करा. ८००० हा हेक्स पत्ता म्हणजे ३२७६८. आधी ‘क्लिअर ३२७६७’ द्या, म्हणजे त्यावरची मेमरी बेसिक वापरणार नाही. मग ३२७६८ पासून पुढे पोक करून हे नऊ बाईट भरा:

६२, ५, ६, ३, १२८, ५०, ८०, १२८, २०१

आता ‘रँडमाइझ यूएसआर ३२७६८’ द्या आणि नंतर ‘प्रिंट पीक ३२८४८’. पडद्यावर ८ येईल.

शेवटचा बाईट का बदलला?

जर्नलमध्ये शेवटी ७६ आहे, आपण २०१ म्हणजे सी९ भरला. झेड-८० मध्येही ७६ चा अर्थ ‘थांब’ असाच आहे. मात्र तो इंटरप्ट येईपर्यंतच थांबतो आणि स्पेक्ट्रममध्ये इंटरप्ट सेकंदाला ५० वेळा येतो. म्हणजे प्रोग्राम क्षणभर थांबेल आणि पुढे जे काही पडलं असेल ते सूचना समजून चालवत सुटेल. आपल्याला बेसिककडे परत यायचं आहे, म्हणून ‘रिटर्न’चा सी९ द्यायचा.

दुसरा प्रयोग आणखी गमतीचा आहे. त्याच पत्त्यावर हे पाच बाईट भरून चालवा:

६२, २, २११, २५४, २०१

८०८५ च्या भाषेत हे झालं ‘एमव्हीआय ए, ०२, आऊट एफई, रिटर्न’. स्पेक्ट्रमवर पडद्याची कड लाल होते. पुढची की दाबली की रंग परत जातो, कारण कीचा ‘टिक’ आवाज काढायला स्पेक्ट्रमचा रॉम हेच पोर्ट वापरतो आणि जाता जाता कडेचा ठरलेला रंगही पुन्हा लिहितो. किटवर एफई पोर्टला काही जोडलेलंच नसेल, तर तिथे काहीच घडणार नाही.

म्हणजे सूचना एकच, पण तिचा परिणाम पुढच्या वायरिंगवर ठरतो. म्हणूनच नुसता प्रोसेसर हुबेहूब उतरवला की काम संपत नाही. पडदा, कीबोर्ड, कॅसेट, पोर्ट हे सगळं खोटं उभं करावं लागतं.

कुठे जमत नाही?

• ‘रिम’ आणि ‘सिम’ या ८०८५ च्या खास सूचना आहेत, कोड २० आणि ३०. झेड-८० मध्ये याच कोडला ‘अट पाहून उडी मार’ असा अर्थ आहे आणि त्या पुढचा एक बाईटही गिळतात.

• आरएसटी ७.५ सारखे इंटरप्ट झेड-८० ला नाहीत.

• बेरजेनंतर ८०८५ चा पॅरिटी फ्लॅग १ चे बिट सम आहेत का ते सांगतो. झेड-८० मध्ये तोच फ्लॅग ओव्हरफ्लो दाखवतो.

• डिले लूपची वेळ बदलते. ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असलेल्या किटवर प्रोसेसर त्याच्या निम्म्या वेगाने चालतो. तिथला एक सेकंदाचा डिले स्पेक्ट्रमवर साधारण ०.८८ सेकंदात संपतो.

असे प्रोग्राम चालवायचे असतील तर जीएनयूसिम८०८५ सारखा ८०८५ चा सिम्युलेटर बरा. तो मोफत आहे. रजिस्टर, फ्लॅग, मेमरी सगळं दाखवतो, पण तो तुमचं किट नव्हे.

चाकणच्या कामाशी याचा काय संबंध?

वाहन उद्योगात इंजिनाचा ईसीयू तपासताना प्रत्येक वेळी खरं इंजिन जोडत नाहीत. क्रँक सेन्सरचे, तापमानाचे खोटे सिग्नल अगदी बरोबर वेळेला देतात आणि इंजिन चालू आहे असं ईसीयूला वाटतं. याला हार्डवेअर-इन-द-लूप चाचणी म्हणतात. तिथे कॉम्प्युटर खरा आणि इंजिन खोटं. एम्युलेटरमध्ये प्रोग्राम खरा आणि कॉम्प्युटर खोटा. खोटं किती बारकाईने उभं करायचं, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. घरी, फुकट आणि काही न जाळता तो समजून घ्यायला जुना एम्युलेटर ही चांगली जागा आहे.

किट भंगारात देण्याआधी

स्पेक्ट्रम आज चालतो, कारण त्याच्या रॉममधले बाईट जपले गेले. १९८६ मध्ये सिंक्लेअरचा कॉम्प्युटर व्यवसाय विकत घेणाऱ्या ॲमस्ट्रॅडने १९९९ मध्ये ते रॉम एम्युलेटरसोबत वाटायला परवानगीही दिली. किटचंही तसंच आहे. कीज वाचणारा आणि डिस्प्ले चालवणारा त्याचा मॉनिटर प्रोग्राम एका ईप्रॉममध्ये असतो. तो हाती नसेल तर त्या किटचा एम्युलेटर बनवता येत नाही.

तेव्हा कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा घरी असं किट पडून असेल, तर किलोवर घालण्याआधी ईप्रॉम प्रोग्रामरवर त्यातले बाईट वाचून फाइल जपून ठेवा. ईप्रॉमच्या काचेवरचा स्टिकर काढू नका, कारण अतिनील प्रकाशाने आतला मजकूर पुसला जातो. जर्नलच्या पानांचे फोटो काढा, पत्ता आणि कोडचे रकाने नीट दिसतील असे.

झिलॉगने २०२४ मध्ये झेड-८० च्या चिपची शेवटची ऑर्डर घेतली. ती चिप आता बनणार नाही, पण ३ई, ०५, ०६, ०३ चालवून ८ दाखवणारं मशीन तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे. या रविवारी माळ्यावरून जर्नल खाली काढा.