मध्यस्थाविना शिकणे : पुण्यातील सत्यशोधकांची बैठक

पुण्यातील महात्मा फुले मंडईपासून बुधवार पेठेतील भिडे वाड्याची जागा आणि गंज पेठेतील फुले वाडा ही दोन्ही ठिकाणे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पहिल्या ठिकाणी १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, तर दुसरे ठिकाण म्हणजे त्यांचे राहते घर. याच परिसरात पुढे २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि समाजाच्या बैठकांमधून शाळेबाहेरच्या शिक्षणाची एक रीत आकाराला आली. या समाजाची ओळख ब्राह्मणेतर चळवळीचा उगम म्हणून करून दिली जाते आणि ती योग्यच आहे. तथापि प्रौढ माणसांनी एकत्र बसून, विचारून आणि वाद घालून शिकण्याची संस्था म्हणूनही त्याचा स्वतंत्र विचार व्हायला हवा.

या दृष्टीने त्याची तुलना इंग्लंडमधील क्वेकर पंथाशी करता येते. सतराव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज फॉक्स यांच्या उपदेशातून उभा राहिलेला हा ख्रिस्ती पंथ स्वतःला मित्रांचा समाज म्हणवतो आणि त्याचे आरंभीचे अनुयायी स्वतःला सत्याचे मित्रही म्हणत. ‘क्वेकर’, म्हणजे थरथरणारे, हे विरोधकांनी दिलेले नाव पुढे रूढ झाले. प्रत्येकाच्या अंतःकरणात ईश्वराचा प्रकाश असतो, म्हणून माणूस आणि ईश्वर यांच्यामध्ये पुरोहिताची गरज नाही, ही त्यांची मूळ धारणा आहे. त्यांच्या जुन्या पद्धतीच्या उपासनेत सगळे शांत बसतात आणि ज्याला आतून प्रेरणा होईल तोच बोलतो. शिवाय आचरणाविषयीची एक प्रश्नावली सभासदांपुढे ठरावीक काळाने वाचली जाते आणि तिचे उत्तर ज्याने त्याने स्वतःशी शोधायचे असते. याच पंथातील जोसेफ स्टर्ज यांनी १८४५ मध्ये बर्मिंगहॅम येथे तरुण कामगारांना लिहायला-वाचायला शिकवणारी रविवारची शाळा काढली. त्यानंतर दहा वर्षांनी फुले दांपत्याने आपल्या घरी कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा सुरू केली. या दोन शाळांमध्ये थेट संबंध होता असे म्हणता येत नाही, परंतु दिवसभर राबणाऱ्या माणसालाही अक्षराचा हक्क आहे ही जाणीव दोन्हींच्या मुळाशी एकच दिसते.

विचारांच्या पातळीवर मात्र एक धागा प्रत्यक्ष सापडतो. जोतीरावांनी १८४७ च्या सुमारास सदाशिव बल्लाळ गोवंडे आणि मोरो विठ्ठल वाळवेकर या ब्राह्मण मित्रांच्या सहवासात टॉमस पेन यांचा मानवी हक्कांवरील ग्रंथ वाचला. पेन हे क्वेकर पित्याचे पुत्र होते. त्यांनी पुढे सर्वच संघटित धर्मांवर टीका केली असली, तरी क्वेकरांच्या दफनभूमीत आपल्याला जागा मिळावी अशी इच्छा मृत्यूपूर्वी व्यक्त केली होती आणि ती नाकारली गेली. दुसरा धागा गुलामगिरीच्या प्रश्नाचा आहे. १७८७ मध्ये लंडनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जी समिती स्थापन झाली, तिच्या १२ संस्थापकांपैकी ९ जण क्वेकर होते. आणि १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ जोतीरावांनी अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. मंडईच्या आसपासच्या पेठांत राहणारा एक माळी गृहस्थ अटलांटिकपलीकडच्या त्या लढ्याला आपल्या शूद्रातिशूद्र बांधवांच्या स्थितीचा आरसा मानतो, ही त्या काळातील मराठी विचारविश्वाची असामान्य झेप म्हणावी लागेल.

स्थापनेच्या दिवशी सुमारे ६० माणसे जमली होती. अध्यक्ष आणि खजिनदार ही दोन्ही पदे जोतीरावांकडे, तर चिटणीसपद नारायणराव गोविंदराव कडलक यांच्याकडे आले. सर्व माणसे एकाच निर्मिकाची, म्हणजे सृष्टिकर्त्याची, लेकरे आहेत, त्याच्या भक्तीसाठी दलालाची आवश्यकता नाही आणि सभासदाने आपल्या मुलामुलींना शिकवले पाहिजे, असा समाजाच्या शिकवणुकीचा गाभा होता. पुण्यातील साप्ताहिक बैठकीत सक्तीचे शिक्षण, दारूबंदी, स्वदेशी मालाला उत्तेजन, कमी खर्चात लग्ने लावण्याची व्यवस्था, फलज्योतिष आणि भुताखेतांवरील विश्वास अशा विषयांवर चर्चा चाले. या विषयांमध्ये शास्त्रार्थाचा कोरडेपणा नाही. लग्नाच्या कर्जात बुडणाऱ्या आणि मुहूर्तासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणाऱ्या घरांमधूनच ते बैठकीत आले होते.

पुरोहिताला बाजूला सारणे एका ठरावाने साधत नाही, कारण त्याच्याकडे असलेले ज्ञान आता प्रत्येक घरात असावे लागते. २५ डिसेंबर १८७३ रोजी सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा निंबणकर यांचा विवाह भटाविना लागला तेव्हा विधी कोणी सांगायचा, मंगलाष्टके कोणती म्हणायची आणि वधूवरांनी परस्परांना कोणते वचन द्यायचे, हे सगळे समाजाला स्वतः ठरवावे लागले. पुढे १८८७ मध्ये जोतीरावांनी मराठी मंगलाष्टकांसह पूजाविधींची पुस्तिकाच प्रसिद्ध केली. ज्याचा अर्थ वधूवरांना कळतो असा मंत्र पाठ करणे हे त्या लोकांसाठी भाषेचे, धर्माचे आणि नागरिकत्वाचे एकाच वेळी मिळणारे शिक्षण होते. सत्यशोधकांच्या अभ्यासाचे खरे सामर्थ्य इथे दिसते, कारण बैठकीत जे शिकले ते मांडवात सर्वांसमक्ष करून दाखवावे लागे आणि त्यासाठी भाऊबंदांचा रोष पत्करावा लागे.

शिकण्याची ही रीत जोतीरावांच्या लेखनाच्या घडणीतही उतरली आहे. ‘गुलामगिरी’ हा धोंडीबा आणि जोतीराव यांच्यातील संवाद आहे, तर त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ बव्हंशी प्रश्नोत्तरांनी पुढे सरकते. वाचता न येणाऱ्या माणसांसमोर असा ग्रंथ मोठ्याने वाचला की ऐकणाऱ्याच्या मनातली शंका पुस्तकातील पात्रच विचारते आणि मग आपलीही शंका विचारण्याचा धीर येतो. पुढच्या पिढीतील सत्यशोधकी जलशांनी हाच संवाद तमाशाच्या वळणाने गावोगावी नेला.

क्वेकरांच्या बैठकीशी असलेला मोठा फरकही याच ठिकाणी आहे. त्यांनी मौनाला साधनेचे स्थान दिले, कारण त्यांच्या भोवती प्रवचनांचा गलबला होता. पुण्यातील शूद्रातिशूद्रांवर मौन पिढ्यानपिढ्या लादलेले होते, त्यामुळे त्यांच्यासाठी बोलणे हीच साधना ठरली. या बोलण्याची पूर्वतयारी समाजाच्या आधीच सुरू झाली होती. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या १४ वर्षांच्या मुक्ताबाई या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने छापला, तो आजही वाचणाऱ्याला अस्वस्थ करतो.

पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीरावांनी मंडईच्या भव्य इमारतीवरील खर्चाला विरोध करून तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असा आग्रह धरला होता. इमारत तरीही उभी राहिली, १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने सुरू झाली आणि पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिला जोतीरावांचे नाव मिळाले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाल्यावर समाजाचे काम थांबले नाही. १८९३ मध्ये सासवड येथे सत्यशोधकांची परिषद भरली आणि तिचे अध्यक्षस्थान, लग्नानंतर पतीकडून अक्षरे शिकलेल्या सावित्रीबाईंनी भूषवले.