नऊ दिवे लुकलुकले तर

विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअरचा इतिहास दोन वाक्यांत उरकतो. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी कॅनडाचे अभियंते जॉर्ज क्लाइन यांनी ती घडवली. पुढे अमेरिकेतल्या एव्हरेस्ट अँड जेनिंग्जने १९५६पासून मोठ्या प्रमाणावर बनवली. संपादकांना यावरच लेख हवा होता. पण पुण्यातल्या एका दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये मी अडकलो तो जॉयस्टिकजवळच्या दहा दिव्यांच्या ओळीपाशी.

कंट्रोलर 'व्हीआर-२', पीजी ड्राइव्हज टेक्नॉलॉजी या ब्रिटिश कंपनीचा. एरवी हे लाल-पिवळे-हिरवे दिवे बॅटरी किती उरली ते सांगतात. बिघाड झाला की तेच लुकलुकतात, आणि मग आकडा महत्त्वाचा. एक दिवा म्हणजे बॅटरी उतरली किंवा तिची वायर सैल. दोन, डाव्या मोटरची जोडणी, चार, उजव्या मोटरची. सात, जॉयस्टिक. सहा ऐकले की इथला मेकॅनिक फोनवरच हसतो: "काकू, चार्जरची पिन काढा आधी." चार्जर लागलेला असताना खुर्ची हलू नये, अशी ती सोय आहे.

दिवे जागा सांगतात, कारण नाही. दोन दिवे दिसले म्हणून मोटर बदलायला निघालेले लोक त्याने पाहिलेत. बऱ्याचदा नुसते कार्बन ब्रश झिजलेले असतात. त्याची युक्ती मला फार आवडली. तो डाव्या-उजव्या मोटरचे प्लग अदलाबदल करतो. दोनाचे चार झाले तर दोष मोटरकडचा, दोनच राहिले तर कंट्रोलरकडचा. (तशीच चालवून मात्र बघायची नाही, खुर्ची भलतीकडेच वळते.)

धास्ती वाटते ती नवाची. नऊ म्हणजे ब्रेक. हा ब्रेक स्प्रिंगने आवळलेला असतो, वीज मिळाली तरच सुटतो. म्हणून वीज गेली की खुर्ची जागीच थांबते. ढकलायची तर मोटरजवळचे दांडे फिरवून चाकं मोकळी करावी लागतात. ढकलणारा ते पूर्ववत करायला विसरला, की अनेक खुर्च्यांवर नऊ दिवे लुकलुकतात. दांडे खाली, मागे. बसलेल्याचा हात तिथे सहसा पोचत नाही. आणि उतारावर कुणी भाबडेपणाने दोन्ही दांडे सोडले, तर बॅटऱ्यांसकट सगळं वजन धरायला ब्रेकच उरत नाही.

म्हणून नऊ ऐकल्यावर मेकॅनिक पहिल्यांदा विचारतो, "चढ आहे का? जवळ कोण आहे?" दुरुस्तीला आलेल्या खुर्चीवर तो दांड्यांशेजारी रंगाने 'ढकला' आणि 'चालवा' असं मराठीत लिहून देतो. लिफ्टमन, रिक्षावाला, शेजारचा मुलगा, ऐन वेळी दांडा त्यांच्याच हातात येतो, आणि कंपनीचं माहितीपुस्तक यांतल्या कुणीच वाचलेलं नसतं.